झीजकण (सांधेरोपणातील)

बदललेल्या खुब्यात किंवा गुडघ्यात पृष्ठभाग एकमेकांवर घासून सुटणारे प्लास्टिक, धातू, सिरॅमिक किंवा अस्थिसिमेंटचे सूक्ष्म कण. त्यांच्यामुळे सांध्याभोवती होणारा दाह व हाडाची हानी हे रोपण सैल पडण्याचे एक प्रमुख कारण आहे.

सर्वांत उपद्रवी कण साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. मॅक्रोफेज पेशी त्यांना जंतूप्रमाणे गिळतात, पण पॉलिएथिलीन पचवणे त्यांना जमत नाही. मग त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडत राहतात. त्यांनी चेतवलेल्या अस्थिभक्षक पेशी रोपणाभोवतीचे हाड पोखरतात. या काळात रुग्णाला अनेकदा काहीच दुखत नाही, हा या विकारातला मोठा धोका.

ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवली. ती काही वर्षांतच झिजली आणि कणांभोवती गाठी झाल्या. खात्रीसाठी त्यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. तिथेही गाठ आली. १९६२पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक पॉलिएथिलीनने झीज आणखी घटली.

धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांत कोबाल्ट-क्रोमियमचे कण व आयन सुटतात, रक्तातही उतरतात. काही रुग्णांत भोवतालच्या मऊ ऊती मरतात, गाठी होतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा असाच एएसआर खुबा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. केंद्राने मात्र भरपाईचे सूत्र २०१८मध्ये ठरवले: ३० लाख ते १.२३ कोटी रुपये. बाधितांच्या दृष्टीने हा विलंब अक्षम्यच म्हणावा लागेल.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतले रुग्ण सांधा बदलायला बहुधा पुण्याला जातात. पुढची तपासणी मात्र चालता येतंय म्हणून राहून जाते, आणि शेतीच्या हंगामात दुखणे अंगावर काढले जाते. साधा क्ष-किरण फोटो मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी निघू शकतो. तो जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहिला तरच हाडातली पोकळी वाढल्याचे कळते. त्यासाठी जुने फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि रोपणाच्या कंपनीचे व क्रमांकाचे स्टिकर घरात जपून ठेवणे आवश्यक. एएसआरच्या वेळी अनेक रुग्णांचा मागच लागला नाही.

सैल पडलेले रोपण बदलण्याआधी (फेररोपण) सांध्यातले पाणी काढून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करतात, कारण लक्षणे सारखीच दिसतात. पोकळी लहान आणि रोपण घट्ट असेल तर कधी फक्त प्लास्टिकचा भाग बदलून भागते; हाड फार गेले असेल तर हाडाचे कलम करावे लागते.