तिपटीचा हिशेब

अमेरिकेतलं गरीब शहर कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण डेट्रॉइटचं नाव घेतात. त्यात खोटं काही नाही. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं हे मोटारींचं शहर. पुढे कारखाने हलले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली आणि २०१३मध्ये शहराचं दिवाळं निघालं. पण गरिबी मोजायची पट्टी कुठून आली? चक्क स्वयंपाकघरातून!

मॉली ओर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, युक्रेनहून आलेल्या ज्यू कुटुंबात, गरिबीतच वाढलेल्या. १९५५च्या पाहणीत दिसलं होतं, की कुटुंबाच्या मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जातो. त्यांनी सर्वांत स्वस्त आहाराचा खर्च घेतला आणि त्याला तीननं गुणलं. झाली दारिद्र्यरेषा. बाईंनी ती अभ्यासापुरती आखली होती. १९६९ साली सरकारनं ती अधिकृत केली. महागाईबरोबर ती वाढत गेली, पण शहराशहरांतल्या घरभाड्याकडे तिनं कधी पाहिलं नाही. डेट्रॉइटला जी रेषा, तीच सॅन फ्रान्सिस्कोला. तिथं दोन नोकऱ्या करून रात्री मोटारीत झोपणारा माणूस या हिशेबात गरीब ठरेलच असं नाही.

२०११पासून सरकार एक पूरक मोजमापही प्रसिद्ध करतं. त्यात त्या त्या भागातलं घरभाडं धरतात, अन्नासाठी मिळणारी सरकारी मदतही धरतात. मग श्रीमंत कॅलिफोर्निया गरिबीच्या यादीत झपाट्यानं वर सरकतो. जुनी रेषा मात्र अजून हललेली नाही. कितीतरी योजनांची मदत कुणाला मिळणार, हे आजही तिच्याच आधारानं ठरतं.