एका सुवर्णमुद्रेमागे एक गुण

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. पडक्या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरायचे, खजिना शोधायचा आणि जिवंत परतायचे, हा त्याचा गाभा. खेळाडू आपले पात्र काय करते ते तोंडी सांगतो आणि सूत्रधार परिणाम सांगतो. या खेळाचा इतिहास लिहिताना राक्षस आणि जादूचेच कौतुक फार होते. माझ्या मते त्याचा प्राण एका हिशेबी नियमात होता. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळे, आणि अशा गुणांवरच पात्राची बढती ठरे.

टॉम मोल्डव्हे यांनी १९८१ साली सिद्ध केलेल्या प्राथमिक आवृत्तीत हा हिशेब स्वच्छ दिसतो. योद्ध्याला दुसरी पायरी गाठायला २,००० गुण लागत. ऑर्क जातीचा एक राक्षस मारला तर मिळत १०, आणि तेही सगळ्या टोळीत वाटून. म्हणजे तलवारीच्या जोरावर वर चढू पाहणारा बहुधा वाटेतच मरणार. शहाणपण लढाई टाळण्यात होते. पण नुसते टाळूनही भागत नसे, कारण शोधायला वेळ लागे. दहा फूट लांब-रुंद जागा नीट चाचपायची तर खेळातली दहा मिनिटे जात, मशाल तासाभरात विझे, आणि दर वीस मिनिटांनी सूत्रधार फासा टाकी. एक पडला की भटके श्वापद दारात उभे. त्याच्याकडे खजिना सहसा नसे, जखमा मात्र हमखास मिळत. सोने सापडले तरी दहा नाण्यांचे वजन एक पौंड, त्यामुळे भरल्या पोत्यानिशी पळणेही जड जाई. आणखी एक भिंत ठोकून पाहावी की आहे ते घेऊन निघावे, हा प्रश्न त्यामुळे दर वळणावर नव्याने उभा राही. धोक्याला अर्थ होता तो यामुळे.

या धोक्यांवर अन्यायाचा आरोप होतो, आणि तो करणारे गायगॅक्स यांनी याच खेळासाठी रचलेल्या ‘टूम्ब ऑफ हॉरर्स’ या थडग्याकडे बोट दाखवतात. १९७५ साली बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यातील स्पर्धेत ते थडगे खेळवले गेले. भिंतीवर हिरवा सैतानी चेहरा, त्याचे तोंड उघडे आणि आत मिट्ट काळोख. त्यात शिरणारा कायमचा नाहीसा. हे निर्दय आहे, मान्य. पण ते स्पर्धेसाठी रचले होते, आणि पहिल्याच दालनाच्या फरशीवर कोड्यातून इशारे लिहून ठेवले होते. तोंडात आधी काठी घालून पाहणारा वाचत असे. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही तो धोका अन्यायाचा. हा तसा नव्हता.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे: सोने उचलल्याने तलवारीचा हात कसा सुधारेल? सुधारत नाहीच. पण ते सोने वर आणण्यासाठी नकाशा काढावा लागतो, सापळा ओळखावा लागतो, पहारेकऱ्याला चकवावे लागते. नाणे त्या साऱ्या कौशल्याचे माप होते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने अवशेष म्हणजे लुटीची जागा, ही वृत्ती अशाने रुजते असे म्हणतात. आपल्याकडे गुप्तधनाच्या हव्यासापोटी गडकोट खणले जातात, हे खरेच संतापजनक आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. पण खणणाऱ्याला वाटते की निधी फुकट मिळतो. या खेळात तो कधीच फुकट मिळत नसे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला आणि पुढे गुणांचा ओघ प्रामुख्याने राक्षस मारण्याकडे वळला. सापळे राहिले, पण बऱ्याचदा वाटेतला अडथळा म्हणून. भुयार शोधण्याऐवजी एकेक खोली लढून रिकामी करण्याची चाल पडली. खेळ सोपा झाला, लोकप्रियही झाला. शोधाची धार मात्र गेली. २००६ साली जुन्या नियमांची नवी मांडणी करणारे ‘ओस्रिक’ आले, तेव्हा त्यात सोन्यामागचे गुण पुन्हा होते.