गिट्टी, ड्युको आणि चांद्याचं लोखंड

बॉनेटवर उडालेला रंगाचा टवका असतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पण त्या एवढ्याशा ठिपक्यात तीन इतिहास एकमेकांवर आदळलेले असतात... रस्त्याचा, रंगाचा आणि लोखंडाचा. आणि हे तिन्ही एकत्र बघायचे असतील तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीसारखी जागा नाही! तेव्हा या शनिवारचा विषय हाच.

आधी रस्ता. पुण्याकडे जिला खडी म्हणतात तिला आमच्याकडे गिट्टी म्हणतात. नोकरीनिमित्त पुण्यात राहूनही माझ्या तोंडी गिट्टीच येते, त्यामुळे इथेही तीच वापरतो. दगड बारीक फोडून, एकसारखे करून रस्त्यावर दाबायचे, ही कल्पना स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने १८१५-२० च्या सुमारास रूढ केली. बग्गीची लोखंडी धाव या दगडांवरून गेली की त्यांचा चुरा व्हायचा, तो फटींत बसायचा आणि रस्ता आणखी घट्ट व्हायचा. म्हणजे वाहतूकच रस्त्याची दुरुस्ती करायची. काय सुंदर डिझाइन!

मग आली मोटार. रबराच्या टायरने उलटंच काम केलं. वेगाने जाणारं चाक फटींतली धूळ खेचून बाहेर काढायला लागलं आणि मोठे दगड मोकळे झाले. दगड उडणं ही भानगड खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली. त्यावर उपाय म्हणून १९०२ साली इंग्लंडमध्ये एडगर हूली याने डांबर आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळून केलेल्या 'टारमॅक'चं पेटंट घेतलं. गिट्टीला चिकटवून ठेवणारं काहीतरी हवं, हे कळलं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न सरकारदरबारी मांडला तो एका मराठी माणसाने. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. १९२८ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते हा सगळ्या देशाचा विषय आहे आणि पेट्रोलवर जादा कर लावून त्यांचा खर्च काढावा, असं तिचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आणि डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते जमले ते कुठे? आमच्या नागपुरात! त्यातून निघाला तो 'नागपूर प्लॅन'. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते ही विभागणी तिथलीच. २० वर्षांत दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, असं उद्दिष्ट होतं.

नागपूरपासून दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या जंगलात मात्र हा प्लॅन फार सावकाश पोचला. तेव्हा सगळा मिळून चांदा जिल्हाच होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. शिवाय इथला दगडही अडचणीचा आहे. गडचिरोलीचा बराचसा भाग नाइस आणि ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकाचा. या खडकांत सिलिकाचं प्रमाण जास्त असतं, आणि अशा दगडाला डांबर बेसॉल्टइतकं धरून बसत नाही. पावसाचं पाणी मधे शिरलं की डांबर सुटतं. वर जड ट्रक गेले की गिट्टी मोकळी. म्हणजे चाक फिरून पुन्हा मॅकॅडमच्या रस्त्यावर!

आता थोडं गणित (इंजिनिअरला राहवत नाही, काय करणार). ५ ग्रॅमचा गिट्टीचा तुकडा आणि तुमची गाडी यांचा एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरा. ऊर्जा होते साधारण २ ज्यूल. म्हणजे १ किलोचं वजन २० सेंटिमीटरवरून टाकल्यासारखं, आणि तेही एका टोकदार कोपऱ्यावर. वेग निम्मा केला की ही ऊर्जा निम्मी नाही, चौथाई होते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हा मार झेलायला समोर काय असतं? रंग. जुन्या मोटारींना बग्गीसारखं व्हार्निश असायचं, ते वाळायला आठवडे लागायचे. १९२३ मध्ये ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ओकलंड गाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, नाव 'ड्युको'. वाळणं तासांवर आलं. आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी 'ड्युको पेंट' अजून आहे, तो शब्द या डब्यावरचा. पण ड्युको ठिसूळ. दगड लागला की कपची निघायची. खरी सुधारणा झाली ती तळाच्या थरात. १९६० च्या दशकात फोर्डने अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेने प्रायमर चढवायला सुरुवात केली, आणि १९७० च्या दशकात त्याची गंजाला जास्त दाद न देणारी कॅथोडिक आवृत्ती आली. आजच्या गाडीवर हा थर सुमारे २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट. सगळं मिळून १००-१५० मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या दुप्पट धरा फार तर.

म्हणून टवका उडाला की आधी बघायचं ते किती खोल गेलाय. आत राखाडी किंवा काळपट प्रायमर दिसतोय तर घाई नाही. चकचकीत पत्रा किंवा तांबूस ठिपका दिसला तर पावसाळ्याआधी काम उरकून टाका. जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची. गंज बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने फक्त तेवढ्याच जागेत काढायचा. मग प्रायमरचा ठिपका, वाळल्यावर कंपनीच्या कलर कोडचा रंग दोन-तीन पातळ थरांत, शेवटी क्लिअर. ब्रशपेक्षा टूथपिक बरी पडते. एकच जाड थेंब सोडला तर तो वरून सुकतो आणि आत ओला राहतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर तर हे करूच नका. सकाळी सावलीत करा. काहीजण नेलपॉलिश लावतात. ती ड्युकोची सख्खी बहीणच आहे, तीही नायट्रोसेल्युलोजचीच! चार दिवस पाणी अडवायला ठीक, पण ती प्रायमरची जागा घेत नाही.

आता तिसरा इतिहास, लोखंडाचा. पत्र्याला गंज चढणं म्हणजे पोलादाने पुन्हा खनिज व्हायला निघणं. आणि खनिज तर इथलंच! चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा अहवाल जमशेटजी टाटांनी १८८२ साली वाचला होता. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालण्यासारखा नव्हता. १९०४ च्या सुमारास दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड पुन्हा या जंगलांत फिरले, तरी जमलं नाही. पुढे नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशामुळे शोध दुर्गकडे वळला, आणि कारखाना झाला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चांद्याचं लोखंड डोंगरातच राहिलं.

ते आता निघतंय. २०२१ पासून एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज मोठ्या प्रमाणावर ट्रकने आलापल्ली-आष्टी रस्त्याने जाऊ लागलं. रस्त्याची त्यात काय दशा झाली ते त्या बाजूने गेलेल्या कुणालाही विचारा. २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीला खनिज पाण्यात कालवून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. जेवढं खनिज पाइपातून जाईल तेवढे ट्रक कमी.

असो. तोवर टवका तुमच्या-माझ्या हातात आहे, रस्ता नाही. पण एक गोष्ट आहे. या रस्त्यांवर गाड्यांपेक्षा दुचाक्या आणि सायकली जास्त. आपल्या टायरखालून उडालेली गिट्टी त्यांच्या चेहऱ्यावर जाते, आणि तिथे ना प्रायमर असतो ना क्लिअर कोट. मोकळी गिट्टी दिसली आणि समोरून कुणी मोटारसायकलवर येत असेल तर ८० चा ४० करा. दगडाची ताकद चौथाई होते, आणि त्यासाठी लागतं फक्त एक मिनिट.