एका कसोटीचा कीपर

नोव्हेंबर १९३०. तुम्ही पेणच्या बाजारात उभे आहात. नवं भात नुकतंच घरात आलंय. मुंबईला जायचं तर धरमतरच्या खाडीत लाँच धरायची, कारण रेल्वे नाही; पेणवरून रोह्यापर्यंत रूळ पोचायला १९८६ साल उजाडणार आहे. २४ तारखेला पाटणकरांकडे मुलगा होतो. चंद्रकांत. बारशाला जमलेल्यांना हा पोरगा भारताकडून कसोटी खेळेल असं कुणी सांगितलं, तर ते हसतील. भारतानेच अजून एकही कसोटी खेळलेली नाही.

आता २८ डिसेंबर १९५५ला या. कलकत्ता, ईडन गार्डन्स, समोर न्यूझीलंड. पॉली उम्रीगर कप्तान. आपला पहिला डाव १३२वर आटोपलाय आणि तुम्ही पाटणकरांच्या अगदी मागे, त्यांच्याच उंचीला डोळे आणून उकिडवे बसलाय. डोक्यावर हेल्मेट नाही. सुभाष गुप्ते दोन-चार पावलं टाकत येतात. उजव्या हाताच्या फलंदाजाला त्यांनी गुगली टाकली की चेंडू आत, लेगला वळतो, आणि नेमका त्याच क्षणी फलंदाजाचं अंग मध्ये येतं. टप्प्यापासून ग्लोव्हजपर्यंत चेंडू दिसतच नाही. मग कीपरने काय करायचं? गुप्त्यांचं मनगट आधीच वाचायचं, आणि उठायची घाई न करता चेंडू उसळेल तसं वर यायचं. समोर डावखुरा सटक्लिफ आला की हिशेब उलटा: आता त्यांचा साधा लेगब्रेकच पॅडमागे गडप होतो. गुप्त्यांनी त्या मालिकेत ३४ बळी घेतले हे सगळे सांगतात. त्यांना स्टंपांमागे सांभाळणं हे निम्मं काम होतं, असं माझं मत. तुमची मांडी भरून येईल, पाटणकरांची येताना दिसत नाही.

जॉन रीड १२० काढतो, पाहुणे ३३६. मग रॉय आणि रामचंदची शतकं, ७ बाद ४३८वर डाव घोषित. शेवटच्या दिवशी न्यूझीलंड ६ बाद ७५वर कसाबसा तग धरतो. सामना अनिर्णित. पाटणकरांच्या नावावर तीन झेल, एक स्टंपिंग, दोन्ही डाव मिळून १४ धावा.

पदार्पणाला वाईट नाही. पण भारताला कीपर एकच लागतो, आणि मुंबईच्याच नरेन ताम्हाण्यांनी ती जागा आधी धरलेली. क्रिकेटवर घर चालायचे ते दिवस नव्हेत. सामना संपला की ज्याची त्याची नोकरी.

६ जानेवारी १९५६, मद्रास. मंकड आणि रॉय ४१३ची सलामी रचतात, भारत डावाने जिंकतो. ग्लोव्हज ताम्हाण्यांच्या हातात. पाटणकरांना दुसरी कसोटी कधीच मिळत नाही. का, हे विचारायला जाऊ नका. तेव्हा संघ पेपरात छापून यायचा, कारणं नाही.