ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड

ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड (जीआरएस) : वस्तूत पुनर्चक्रित माल किती आहे व तो कोणत्या वाटेने आला, हे त्रयस्थ तपासणीने पडताळणारे ऐच्छिक आंतरराष्ट्रीय मानक. वापर मुख्यतः कापडउद्योगात. कायद्याने ते बंधनकारक नाही. परंतु मोठे ब्रँड खरेदीच्या अटींतच त्याचा समावेश करतात, त्यामुळे त्यांना माल पुरवणाऱ्या गिरण्यांना व कारखान्यांना त्यावाचून काम मिळणे कठीण जाते.

इतिहास : कंट्रोल युनियन सर्टिफिकेशन्स या संस्थेने २००८ मध्ये हे मानक तयार केले. १ जानेवारी २०११ पासून त्याची मालकी टेक्स्टाइल एक्स्चेंज या ना-नफा संस्थेकडे आहे (स्थापना २००२, मूळ नाव ऑरगॅनिक एक्स्चेंज). चौथी आवृत्ती २०१७ मध्ये आली. मागणी वाढली ती ब्रँडांच्या जाहीर उद्दिष्टांमुळे. आदिदासने २०२४ पर्यंत शक्य तेथे केवळ पुनर्चक्रित पॉलिएस्टर वापरण्याचे ठरवले. एच अँड एमने २०२५ पर्यंत ३० टक्के पुनर्चक्रित मालाचे लक्ष्य ठेवले.

व्याख्या व प्रमाण : ‘पुनर्चक्रित’ची व्याख्या आयएसओ १४०२१ वरून घेतली आहे. वापरून टाकलेले कपडे, बाटल्या इ. माल ग्राहकोत्तर, तर शिलाईतली कातरण, सूतगिरणीतला टाकाऊ धागा इ. ग्राहकपूर्व. मात्र ज्या प्रक्रियेत टाकाऊ भाग निघाला त्याच प्रक्रियेत तो परत घातला, तर तो पुनर्चक्रित धरला जात नाही. प्रमाणनासाठी किमान २० टक्के आणि ग्राहकाला दिसणाऱ्या लेबलासाठी किमान ५० टक्के पुनर्चक्रित माल लागतो. याच संस्थेच्या रिसायकल्ड क्लेम स्टँडर्डमध्ये (आरसीएस) ५ टक्के पुरतात.

कागदपत्रांची साखळी : मानकाचा सगळा भार या भागावर आहे. पॉलिएस्टर बाटलीपासून काढलेले की खनिज तेलापासून नव्याने तयार केलेले, हे तयार कापड प्रयोगशाळेत तपासून भरवशाने सांगता येत नाही. म्हणून मालाबरोबर चालत येणारा कागद हाच पुरावा ठरतो.

पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्यापासून कताई, विणाई, रंगाई, शिलाई अशा प्रत्येक टप्प्यावरील आस्थापनेला प्रमाणपत्र लागते. व्यापारी-व्यापारी व्यवहारातील शेवटच्या विक्रेत्यापर्यंत ही साखळी अखंड हवी. केवळ ग्राहकाला किरकोळ विकणाऱ्या दुकानाला त्यातून सूट आहे. टेक्स्टाइल एक्स्चेंज स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते काम मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था करतात.

कागद दोन प्रकारचे. स्कोप सर्टिफिकेट आस्थापनेला, जागेवर तपासणी झाल्यावर मिळते. त्याची मुदत एक वर्षाची. ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट प्रत्यक्ष विकलेल्या मालाला मिळते; व्यवहारात त्याला ‘टीसी’ म्हणतात. पहिल्याने कारखाना पात्र आहे एवढेच कळते, दुसऱ्याने अमुक गाठी पात्र आहेत हे कळते. स्कोप सर्टिफिकेट दाखवून टीसीविना आलेला माल खरेदीदाराला पुढे प्रमाणित म्हणून विकता येत नाही.

टीसी देताना वजनाचा ताळा घेतला जातो. उदा., १,००० किलो प्रमाणित सूत आले व विणाईत ८ टक्के घट धरली, तर ९२० किलो कापड निघावे. त्याहून अधिक कापडासाठी टीसी मागितली गेली, तर साधा धागा मिसळल्याची शंका येते. प्रमाणित माल गोदामात व यंत्रावर वेगळा ठेवण्याची अट याच कारणासाठी आहे.

पानिपत : हरियाणातील हे शहर जुन्या लोकरी कपड्यांपासून ‘शॉडी’ सूत काढणारे मोठे केंद्र आहे. परदेशातील जुन्या कपड्यांच्या गाठी कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रातही निवडल्या जातात. पानिपतमध्ये बटणे, चेन, अस्तरे काढून चिंध्या रंगवार लावतात, यंत्रावर फाडून तंतू मोकळे करतात व त्यांची कताई करतात. चिंध्या रंगवार लावल्याने सूत पुन्हा रंगवण्याची गरज बरीच कमी होते. या सुताची ब्लँकेटे आपत्तिग्रस्तांच्या मदतीसाठीही जातात. कपड्यांचे पुनर्चक्रण येथे प्रमाणपत्रांच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. तरी एका गाठीत अनेक देशांचे, अनेक तंतूंचे कपडे असल्याने तिचा उगम कागदावर दाखवणे कठीण जाते. जुन्या कपड्यांतील रंग व रसायनांचा पूर्वेतिहासही कळत नाही.

सामाजिक व रासायनिक अटी : बालमजुरी व वेठबिगारीला मनाई, संघटना-स्वातंत्र्य, सांडपाणी व ऊर्जावापराच्या नोंदी, घातक रसायनांवर बंदी. आरसीएसमध्ये या अटी नाहीत.

कायदे : यूरोपीय संघाच्या निर्देश २०२४/८२५ नुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून प्रमाणन योजनेचा किंवा शासकीय संस्थेचा आधार नसलेली शाश्वततेची लेबले वापरण्यास मनाई.

मर्यादा : माल गोळा करणारे व साठवणारे यांना प्रमाणपत्र लागत नाही. त्यांच्याकडून पुरवठादार-करार व मालाचे घोषणापत्र घेतले जाते आणि तपासनीसाला भेटीची मुभा असते. भंगारवाल्यावर तपासणीचा खर्च लादणे न्याय्य नाही, हे खरे. पण त्यामुळे साखळीची पहिली कडी घोषणेवर टेकते आणि कामगारहिताच्या अटींचे प्रमाणन पुनर्चक्रण कारखान्याच्या दारापासून सुरू होते. ही कडी नोंदींत आणणे अशक्य नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना महानगरपालिकेने १९९६ मध्ये मान्यता दिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार केला. बाटली कचऱ्यातून प्रथम वेगळी करणाऱ्या हाताची नोंद टीसीवर मात्र होत नाही.