प्रथम आणि स्वयम् : नऊ वर्षांचा प्रकल्प, चार वर्षांची पदवी

१/ २०१६ च्या जून आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले दोन उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेले. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’. एकाचे वजन किलोभराहूनही कमी, दुसऱ्याचे सुमारे १० किलो. दोहोंना लागलेला काळ मात्र आठ-नऊ वर्षे. अभियांत्रिकीची पदवी असते चार वर्षांची. हे गणित जुळले कसे, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला असलेल्या गास गावातून अभियंता व्हायला निघालेला विद्यार्थी वसई, विरार किंवा मुंबईच्या महाविद्यालयात जातो. वसई रोडचे विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ सालचे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ हा ऐच्छिक विषय म्हणून समोर येतो. गोल, बाण, आठवडे आणि गँट चार्ट. परीक्षेपुरता तो सोपा असतो. त्या गोलांमागे काय दडले आहे, हे मात्र इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही.

३/ महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते १८५४ साली, पुण्यात. ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ हे त्या संस्थेचे पहिले नाव. रस्ते, पूल, कालवे बांधणाऱ्या सरकारी खात्याला हाताखालची प्रशिक्षित माणसे हवी होती, हा तिचा हेतू. हीच संस्था पुढे सीओईपी म्हणून नावारूपाला आली.

४/ मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेचे विद्यार्थी. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. पाणी ठरावीक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरण, पूर, साठा आणि शहराची तहान यांचा एकत्र विचार केल्याशिवाय असा दरवाजा सुचत नाही.

५/ या ‘एकत्र विचारा’ला स्वतंत्र विद्येचे नाव मिळाले ते विसाव्या शतकात. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला. टेलिफोनच्या जाळ्यात प्रत्येक यंत्र उत्तम असले तरी संपूर्ण जाळे उत्तम असेलच असे नाही, हा तेथील अभियंत्यांचा अनुभव होता. सुटे भाग घडवणे हे एक काम. ते भाग परस्परांशी जुळवणे हे दुसरे, आणि अधिक अवघड.

६/ १९५७-५८ मध्ये आणखी दोन साधने आली. ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या कामातून सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड. आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून पर्ट. प्रकल्पातील हजारो कामे एकमेकांवर कशी अवलंबून आहेत, ते आकृतीत मांडायचे आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. प्रकल्पाचा कालावधी ती साखळी ठरवते, बाकीच्या कामांना थोडी सवड असते.

७/ २० जुलै १९६० रोजी पाण्याखालील पाणबुडीतून पोलारिस यशस्वीपणे सुटले आणि पर्टची कीर्ती जगभर पसरली. पुढे हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ मधील आपल्या ग्रंथात या कीर्तीची चिकित्सा केली. त्यांचा निष्कर्ष असा की, पर्टच्या तक्त्यांनी प्रकल्प चालवला त्यापेक्षा बाहेरच्या हस्तक्षेपापासून त्याचे रक्षण अधिक केले. तक्ता पाहून वरिष्ठांचे समाधान होई; काम पुढे सरके ते माणसांच्या सततच्या बोलण्यातून आणि पडताळणीतून.

८/ ही साधने मुंबईत लवकर पोहोचली. १९५८ मध्ये पवईत आयआयटी सुरू झाली, तर १९६३ मध्ये विहार तलावाजवळ आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने ‘नीती’, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था. कारखान्यांतील अधिकाऱ्यांना काम, वेळ आणि साधने यांचे नियोजन शिकवणे हे तिचे कार्य. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते.

९/ सह्याद्रीच्या पायथ्याशी याच विद्येची मोठी कसोटी कोकण रेल्वेने पाहिली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे २,००० पूल. आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला. पण हा अनुभव नोकरीत शिरलेल्या अभियंत्यांना मिळाला. विद्यार्थ्याच्या वाट्याला पुस्तकातील आकृतीच राहिली.

१०/ ही कोंडी फुटली एका छोट्या घनाकृती पेटीमुळे. १९९९ मध्ये कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी ‘क्यूबसॅट’चे प्रमाण ठरवले : १० सेंटिमीटर बाजूचा घन. हेतू शैक्षणिक होता. उपग्रह इतका लहान असावा की विद्यार्थ्यांनी तो कल्पनेपासून उड्डाणापर्यंत स्वतः न्यावा.

११/ भारतात अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट २० एप्रिल २००९ ला गेला. कर्नाटक व आंध्रातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा, किलोभराहून कमी वजनाचा स्टडसॅट १२ जुलै २०१० ला. आयआयटी कानपूरचा जुगनू १२ ऑक्टोबर २०११ ला. महाराष्ट्रातील दोन्ही प्रकल्प तोवर सुरू झालेले होते : पवईत २००७ पासून, पुण्यात २००८ पासून.

१२/ पवईतील प्रकल्पाची सुरुवात एरोस्पेस विभागाच्या दोन विद्यार्थ्यांनी केली. ‘प्रथम’चे वैज्ञानिक उद्दिष्ट होते आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजणे. उपग्रह दोन वारंवारतांवर रेडिओ संदेश सोडणार. आयनांबरातून येताना त्या लहरींच्या ध्रुवीकरणाची दिशा फिरते. किती फिरली ते जमिनीवर मोजले की वाटेतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो. जीपीएसच्या अचूकतेसाठी हा हिशेब महत्त्वाचा.

१३/ पण संघाने लिहून ठेवलेल्या उद्दिष्टांत आणखी एक गोष्ट होती : उपग्रह तंत्रज्ञान शिकणे, आणि इतर विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना भू-स्थानके उभारायला लावून त्या शिक्षणात सामील करून घेणे. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा पहिला धडा हाच आहे. ‘यश’ म्हणजे काय, ते काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवायचे. ते लिहिलेले नसेल तर नऊ वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की, काय साधले आणि काय राहिले.

१४/ दुसरा धडा ताळेबंदाचा. उपग्रहात वजन, वीज आणि संदेशाची ताकद या तिन्हींचे अंदाजपत्रक असते. पृथ्वीभोवतीच्या एका प्रदक्षिणेला सुमारे ९८ मिनिटे लागतात. त्यातील साधारण तिसरा हिस्सा सावलीत जातो. त्या काळात बॅटरीवरच भागवायचे. संगणकवाल्या गटाने थोडी अधिक वीज मागितली की रेडिओवाल्यांच्या वाट्याला कमी येते. सौरपट्टी वाढवावी तर वजन आणि जागा वाढते. एका घराचा खर्च वाढला की शेजारच्या घराला कात्री लागते.

१५/ ‘स्वयम्’ने या ताळेबंदाला दिलेले उत्तर सुंदर आहे. उपग्रह अवकाशात गडगडू नये म्हणून त्याला स्थिर करावे लागते. सक्रिय यंत्रणा म्हणजे वीज, वजन आणि बिघडू शकणारे आणखी काही भाग. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी आत कायमचुंबक आणि हिस्टेरिसिस दांड्या बसवल्या. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्रासारखा जुळून घेतो, दांड्या फिरण्याची ऊर्जा हळूहळू शोषून घेतात. विजेचा खर्च शून्य.

१६/ अर्थात फुकट काहीच मिळत नाही. अशा उपग्रहाला हवे तिकडे तोंड वळवता येत नाही. छायाचित्रण करायचे असते तर हा मार्ग बंदच होता. पण ‘स्वयम्’चे काम होते हौशी रेडिओच्या पट्ट्यात एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे, आणि त्याला अचूक नेम लागत नाही. उद्दिष्ट आधी ठरले म्हणून साधेपणा परवडला. १३ व्या भागातील धडा इथे कामी येतो.

१७/ तिसरा धडा सांध्यांचा. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झाले, कारण जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाची आकडेवारी ब्रिटिश एककांत दिली आणि दुसऱ्याने ती मेट्रिक मानली. दोन्ही बाजूंचे अभियंते निष्णात होते. चूक कोणाच्या खोलीत नव्हती, दोन खोल्यांमधल्या दारात होती. म्हणून दोन गटांमधील प्रत्येक तार, प्रत्येक एकक आणि प्रत्येक संदेशाचा आराखडा लेखी ठरवावा लागतो आणि त्याला एक धनी नेमावा लागतो.

१८/ चौथा धडा वेळेचा. समजा, अँटेना तयार व्हायला ३ आठवडे, सर्किट बोर्डाला ८ आणि बोर्ड आल्यावर चाचणीला ४. अँटेनावाल्यांना ९ आठवड्यांची सवड आहे. बोर्ड एक आठवडा उशिरा आला तर सगळा प्रकल्पच आठवडाभर मागे जातो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात या साखळीला आणखी कड्या जोडल्या जातात : सत्र परीक्षा, सुट्ट्या, संस्थेची खरेदी प्रक्रिया. पुस्तकातील आकृतीत यांचे गोल कधीच काढलेले नसतात.

१९/ आणि पाचवा धडा, जो कंपनीत शिकायला मिळत नाही, तो माणसांचा. २००७ मध्ये काम सुरू करणारे विद्यार्थी उड्डाणापूर्वी कित्येक वर्षे पदवी घेऊन बाहेर पडले होते. नऊ वर्षांत चार वर्षांच्या दोन पूर्ण पिढ्या सरल्या. एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याच्या डोक्यात असलेला निर्णय कागदावर उतरला नाही, तर पुढच्या तुकडीला तो पुन्हा शोधावा लागतो. आणि कधी कधी तीच चूक पुन्हा करावी लागते.

२०/ ‘हा रोधक इतक्याच मूल्याचा का?’ या प्रश्नाचे उत्तर तीन वर्षांनी कोणीतरी विचारणार आहे, आणि तेव्हा उत्तर देणारा परदेशात किंवा नोकरीत असणार आहे. म्हणून काय केले एवढे लिहून भागत नाही. का केले आणि कोणता पर्याय का सोडला, हेही लिहावे लागते. इस्रोच्या तज्ज्ञांसमोर होणाऱ्या आढाव्यांचे मोल इथे कळते. परक्या माणसाला समजेल असे मांडता आले, तरच ते पुढच्या तुकडीलाही समजते.

२१/ २२ जून २०१६ च्या सकाळी पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात २० उपग्रह नेले. इस्रोचा तो तेव्हाचा विक्रम. मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतील, आणि त्याच्या सहप्रवाशांत ९९० ग्रॅमचा ‘स्वयम्’. जी संस्था हाताखालचे कर्मचारी घडवण्यासाठी निघाली, तिच्या विद्यार्थ्यांनी १६२ वर्षांनी स्वतःच्या आराखड्याचा उपग्रह कक्षेत पाठवला.

२२/ २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ निघाले. स्कॅटसॅट-१ ला आधी एका कक्षेत सोडून, चौथा टप्पा पुन्हा पेटवून, उरलेल्या सात उपग्रहांना दुसऱ्या कक्षेत नेणारी पीएसएलव्हीची ही पहिली मोहीम. ती सव्वादोन तासांहून अधिक चालली. त्या सातांत ‘प्रथम’ होता आणि बंगळूरूच्या पीईएस विद्यापीठाचा पायसॅटही. सुरुवातीच्या अपेक्षेपेक्षा ‘प्रथम’चे उड्डाण कित्येक वर्षे लांबले होते, त्याचे नियोजित आयुष्य होते अवघे चार महिने.

२३/ चार महिन्यांसाठी नऊ वर्षे, हा व्यवहार तोट्याचा नव्हे काय? उपग्रह हेच फलित मानले तर होय. पण या प्रकल्पांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ताळेबंद मांडले, सांधे तपासले, विलंब सोसला, आणि आपले अर्धवट काम अनोळखी कनिष्ठाच्या हाती विश्वासाने सोपवले. यातील बहुतेक गोष्टींना गुणपत्रिकेत रकाना नाही. पवईच्या संघाने पुढे ‘अद्वितीय’ हा नवा प्रकल्प हाती घेतला, तो याच शिदोरीवर.

२४/ आपल्या शिक्षणपद्धतीत गुण एकट्याला मिळतात आणि सत्र संपले की काम संपते. प्रकल्पाची रीत उलटी आहे : यश सर्वांचे, आणि ते बहुधा नंतर येणाऱ्यांच्या हाती पडते. यासाठी उपग्रहच हवा असे नाही. वसईच्या एखाद्या महाविद्यालयात पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारे यंत्र बनवणारा गटही हे शिकू शकतो. अट एवढीच : उद्दिष्ट आधी लिहावे, प्रत्येक सांध्याला धनी असावा, आणि वही पुढच्या तुकडीला वाचता यावी.

२५/ १८५४ च्या वर्गाने महाराष्ट्राला सुटे भाग घडवायला शिकवले. भाग जुळवण्याची विद्या शिकायला त्यानंतर दीड शतक लागले, आणि ती शिकवली ती ज्यांनी उड्डाण विद्यार्थी म्हणून पाहिलेच नाही, त्यांच्या टिपणवह्यांनी. (समाप्त)