मूल हवे म्हणून घेतलेली गोळी

१/ गोळ्या बंद केल्यावर दिवस जातील ना? गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या अनेकींना हा प्रश्न पडतो. गंमत अशी की इतिहासात हा प्रश्न गोळी बाजारात येण्याआधीच विचारला गेला होता. ज्या स्त्रियांवर या औषधाचे पहिले प्रयोग झाले, त्यांना मूल टाळायचे नव्हते. त्यांना मूल हवे होते. #धागा

२/ स्थळ : अमेरिकेतील बॉस्टनलगतचे ब्रुकलाइन, ‘फ्री हॉस्पिटल फॉर विमेन’. येथे डॉ. जॉन रॉक (जन्म १८९०) वंध्यत्वावर उपचार करीत. ते श्रद्धाळू कॅथलिक आणि पाच मुलांचे पिता होते. मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन घडवल्याचे त्यांनी व मिरियम मेनकिन यांनी १९४४ साली जाहीर केले होते.

३/ सर्व तपासण्या निर्दोष, तरीही गर्भधारणा नाही, अशा रुग्ण रॉक यांना कोड्यात टाकीत. काहींचे गर्भाशय व गर्भनलिका पुरेशा विकसित नसाव्यात, असा त्यांचा तर्क होता. गर्भारपणात संप्रेरकांमुळे या अवयवांची वाढ होते. मग औषधाने काही काळ आभासी गर्भारपण आणले तर?

४/ १९५० च्या दशकारंभी त्यांनी अशा ८० स्त्रियांना तीन महिने वाढत्या मात्रेत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन दिले. बीजविमोचन थांबले, पाळीही थांबली. मग औषध बंद केले. पुढील चार महिन्यांत ८० पैकी १३ जणींना दिवस गेले. या परिणामाला पुढे ‘रॉक रिबाउंड’ हे नाव मिळाले.

५/ याच सुमारास ग्रेगरी पिंकस हेच संप्रेरक नेमक्या उलट हेतूने अभ्यासत होते. मार्गारेट सँगर यांचा आग्रह आणि कॅथरीन मॅककॉर्मिक यांचा पैसा त्यांच्या पाठीशी होता. १९५२ मध्ये रॉक व पिंकस यांची गाठ पडली. एकाला गर्भ राहायला हवा होता, दुसऱ्याला तो टाळायचा होता. औषध मात्र एकच.

६/ रॉक यांच्या उपचारात एक क्रूर अडचण होती. पाळी चुकली की वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहणाऱ्या स्त्रीला आपल्याला दिवस गेले असेच वाटे. तसे नाही, हे तिला समजावणे जड जाई. पिंकस यांनी तोड सुचवली : औषध २० दिवस द्यावे, मग थांबावे, म्हणजे रक्तस्राव होईल. १९५३ मध्ये २७ जणींवर हा क्रम वापरला गेला. नंतर गर्भ राहण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केच राहिले.

७/ डिसेंबर १९५४ मध्ये आणखी ५० स्त्रियांना कृत्रिम प्रोजेस्टिन देण्यास आरंभ झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ च्या कायद्यानुसार गर्भनिरोधकांचा प्रसार हा गुन्हा होता. त्यामुळे वंध्यत्वाचा अभ्यास ही या कामाची ढालही ठरली. औषध बीजविमोचन रोखते का, याचे उत्तर या स्त्रियांच्या शरीरातून मिळाले.

८/ त्यासाठी त्यांनी रोज तापमान नोंदवले, लघवीचे नमुने जमवले, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे काढू दिले. आशा होती ती एका बाळाची. औषध थांबल्यावर ५० पैकी ७ जणींची ती आशा फळली. उरलेल्या ४३ जणींच्या वाट्याला काय आले, याची चर्चा क्वचितच होते.

९/ १९५६ मध्ये प्रयोग पोर्तो रिकोत गेले. तेथील गरीब स्त्रियांना आपण प्रयोगाचा भाग आहोत हे सांगितलेच गेले नाही. डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना त्रास झाल्याचे नोंदवले. तरीही ‘एनोव्हिड’ला १९५७ मध्ये पाळीच्या विकारांसाठी व १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

१०/ पण ‘रॉक रिबाउंड’ खरा होता का? त्या ८० जणींशी तुलना करण्यासाठी औषध न घेतलेला गट नव्हता. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात काहींना उपचाराविनाही दिवस जातात. त्यामुळे ते १३ गर्भ औषधाचे श्रेय की योगायोग, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

११/ १९६० च्या दशकात उलट भीती पसरली : गोळी सोडल्यावर पाळी परततच नाही. मात्र गोळीमुळे मूळची अनियमित पाळी झाकली जाते व गोळी सोडताच ती उघड होते, हेही ध्यानात आले. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये १७,०३२ स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. १९७८ चा त्याचा निष्कर्ष : गर्भधारणेस विलंब होतो, पण तो तात्पुरता असतो.

१२/ पुढे युरोपातील एका अभ्यासात (२००९) मूल व्हावे म्हणून गोळी थांबवलेल्या २,०६४ स्त्रियांपैकी २१.१ टक्के पहिल्याच चक्रात, तर ७९.४ टक्के वर्षभरात गर्भवती झाल्या. तीन महिन्यांच्या संप्रेरक इंजेक्शनची गोष्ट वेगळी आहे. तेथे शेवटच्या मात्रेनंतर गर्भधारणेस साधारण १० महिने लागतात.

१३/ गोळ्यांच्या पाकिटात आजही २१ दिवसांनंतर खंड असतो, किंवा त्या जागी संप्रेरकविरहित गोळ्या असतात. या खंडाचा उगम ब्रुकलाइनच्या त्या दवाखान्यात आहे. मुलाची आस लावून बसलेल्या स्त्रियांना दर महिन्याला खोटी आशा लागू नये, म्हणून तो ठेवला गेला होता.